बीए भाग एक : ‘दीक्षारंभ’ ते ‘एक्झिट’

नागपूरचे विद्यापीठ १९२३ चे, अमरावतीचे १९८३ चे, गडचिरोलीचे २०११ चे. विद्यापीठ जवळ येत गेले, तसे मार्कशीट आणि फेरतपासणीचे हेलपाटे कमी झाले. पण नव्याने आलेल्या मुलाला कॉलेज आपले वाटते का, याची चौकशी करणे कोणाच्याच कामात बसत नव्हते. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना होती. तिच्या निवासी शिबिरात एका पंगतीला जेवून अनेकांना कॉलेजातले पहिले मित्र मिळाले. त्या शिबिरांचे मोल आजही पुरेसे ओळखलेले नाही.

२०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ची, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजात रुळवण्यासाठीच्या उपक्रमाची, विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शिका आली. मुलांनी एकमेकांत मिसळावे, शिक्षकांशी ओळख व्हावी, हा हेतू चांगलाच. मात्र आपल्याकडे प्रवेश रेंगाळतात आणि घरी निंदण-डवरण चालू असते. उशिरा येणाऱ्याचे स्वागत तो येण्याआधीच उरकलेले असते. पुढच्याच वर्षी कोरोनाने सगळे मोबाइलवर नेले. भामरागड किंवा धारणीकडच्या दुर्गम भागातल्या मुलांसाठी ते जवळपास बंदच झाले. मेंटॉर, म्हणजे मुलांना सांभाळून घेणारे शिक्षक, नेमले गेले, पण तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये त्याच कॉलेजात असेल याची खात्री कोण देणार?

खरा वाद पेटला तो पहिल्या वर्षानंतरच्या ‘एक्झिट’वरून, म्हणजे पदवी अर्ध्यात सोडण्याच्या मुभेवरून. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजले जाणारे एकक) पूर्ण केले आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला, की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि सात वर्षांच्या आत पदवी पुरी करायची. बाजू घेणारे म्हणतात, पूर्वी अर्ध्यात सोडणाऱ्याच्या हाती फक्त मार्कशीट उरायची, आता निदान प्रमाणपत्र तरी मिळेल. यात तथ्य आहे.

पण खेड्यातून येणारा मुलगा शिक्षण सोडतो तो वर्ष संपवून नव्हे. कापूस वेचणीला घरी थांबतो, हजेरी तुटते, परीक्षेचा फॉर्म राहून जातो. मुलीच्या बाबतीत बारावीपर्यंतचा एसटीचा मोफत पास संपतो आणि सवलतीच्या पासाचे पैसे दर महिन्याला घरी मागावे लागतात. तेवढ्यात स्थळ येते. यांचे ४० क्रेडिट होतच नाहीत. म्हणजे ज्यांच्या नावाने ही सोय सांगितली जाते, त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत ती पोहोचतच नाही.

या धोरणाच्या अभ्यासक्रम आराखड्यातला क्रमही पाहण्यासारखा आहे. आपण हे का शिकतो, हे मुलाला गावातच उमगेल असे दोन भाग त्यात आहेत : फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेले काम. राज्याच्या रचनेत पहिला येतो तिसऱ्या सत्रात, दुसरा चौथ्यात. बाहेर पडण्याची पहिली मुभा मात्र दुसरे सत्र संपताच मिळते.