१५ दिवस की ६० दिवस? बेसबॉलच्या दोन जायबंदी याद्यांमधला फरक

५ जून २०२३ रोजी टेक्सास रेंजर्स या संघाने आपला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जेकब डीग्रॉम याला १५ दिवसांच्या जायबंदी यादीतून ६० दिवसांच्या यादीत हलवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या उजव्या कोपराच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया होणार असल्याचे जाहीर केले. त्याच्याशी संघाने काही महिन्यांपूर्वीच पाच वर्षांसाठी १८.५ कोटी डॉलरचा करार केला होता आणि त्या हंगामात तो जेमतेम सहा सामन्यांत चेंडू टाकू शकला होता. या दोन बातम्या लागोपाठ आल्यामुळे यादी बदलणे म्हणजेच दुखापत गंभीर असल्याची कबुली, असा अर्थ बहुतेकांनी लावला. वास्तविक यादीतला बदल आणि कोपराचे निदान या वेगवेगळ्या कारणांनी घडणाऱ्या गोष्टी आहेत. मेजर लीग बेसबॉल पाहणाऱ्यांचा, विशेषतः अमेरिकेत स्थायिक झाल्यावर मुलांच्या नादाने या खेळाकडे वळलेल्या आपल्या मंडळींचा, सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी उडतो.

प्रथम दोन्ही याद्यांत समान काय आहे ते पाहू. दोन्हींचे अधिकृत नाव ‘इंजर्ड लिस्ट’ असे आहे. २०१९ पूर्वी तिला ‘डिसेबल्ड लिस्ट’ म्हणत असत, आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांच्या आग्रहावरून ते नाव बदलण्यात आले. खेळाडूला कोणत्याही यादीत टाकायचे झाले तरी डॉक्टरने लेखी निदान द्यावे लागते. यादीत असताना खेळाडूला पूर्ण पगार मिळतो आणि त्याची सेवाही, म्हणजे मेजर लीगमध्ये घालवलेले दिवस, अखंड मोजली जाते. यादीच्या नावातला आकडा ही किमान मुदत आहे, म्हणजे तेवढे दिवस होईपर्यंत खेळाडू परत येऊ शकत नाही. त्यानंतर तो कधी यावा याला कोणतीही कमाल मर्यादा नाही. त्यामुळे एखादा खेळाडू १५ दिवसांच्या यादीत सव्वा महिना राहिला तर त्यात नियमाचा भंग होत नाही, आणि संघ काही लपवतो आहे असेही त्यावरून ठरत नाही.

फरक समजण्यासाठी संघाची रचना माहीत असावी लागते. प्रत्येक संघाचे दोन चमू असतात, एक लहान आणि एक मोठा. लहान चमू २६ जणांचा असतो (२०२० पूर्वी तो २५ जणांचा होता), आणि आजच्या सामन्यात उतरण्यास जे पात्र आहेत ते हे २६. मोठा चमू ४० जणांचा असतो. त्यात हे २६ येतात, आणि त्याखेरीज मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांत, खेळत असलेले परंतु संघाने आपल्या हक्कात राखून ठेवलेले खेळाडूही येतात. ज्याचे नाव या ४० जणांत नाही त्याला मेजर लीगच्या सामन्यात उतरवता येत नाही. चाळिसातल्या एखाद्याचे नाव काढायचे असेल, तर सामान्यतः त्याला इतर संघांपुढे मोकळे करावे लागते आणि कोणीतरी त्याला उचलून नेण्याची जोखीम घ्यावी लागते. जे तरुण खेळाडू घडवण्यात संघाने वर्षे घालवलेली असतात, ते अशा वेळी फुकापासरी हातचे जातात, आणि म्हणूनच चाळिसातली जागा व्यवस्थापनाला फार मोलाची वाटते.

लहान मुदतीच्या यादीने २६ मधली जागा मोकळी होते, पण जखमी खेळाडू ४० मध्ये मोजला जातच राहतो. ६० दिवसांच्या यादीने २६ मधली आणि ४० मधलीही जागा मोकळी होते. दोन याद्यांमधला खरा भेद एवढाच आहे, आणि त्यात दुखापतीच्या तीव्रतेचा उल्लेख कोठेही नाही. ४० जणांचा चमू भरलेला असेल तरच संघाला कोणालाही ६० दिवसांच्या यादीत टाकता येते. चमूत एक जागा जरी रिकामी असेल, तर गुडघ्याचे लिगामेंट पूर्ण तुटलेला आणि वर्षभर न खेळू शकणारा खेळाडूही लहान यादीतच बसून राहतो. ज्या दिवशी संघाला एकेचाळिसावा माणूस घ्यायचा असतो त्या दिवशी त्याची यादी बदलते, आणि त्याच्या गुडघ्याची स्थिती आदल्या दिवशी होती तशीच असते.

लहान यादीची मुदत फलंदाजांसाठी १० दिवस आणि पिचरसाठी १५ दिवस आहे, आणि या दोन आकड्यांमागे थोडा इतिहास आहे. २०१६ पर्यंत सर्वांसाठी किमान १५ दिवस होते. मांडीचा स्नायू किंचित ताणला गेलेल्या खेळाडूला १५ दिवस गमावण्यापेक्षा चार-पाच दिवस बाकावर बसवून पाहू, असा विचार संघ करत, आणि त्या काळात ते प्रत्यक्षात एक माणूस कमी घेऊन खेळत असत. हे टळावे म्हणून २०१७ पासून मुदत १० दिवसांवर आणण्यात आली. हेतू खेळाडूंच्या प्रकृतीच्या दृष्टीने चांगला होता, परंतु पिचरच्या बाबतीत संघांनी त्यातून भलताच मार्ग काढला. सामन्याची सुरुवात करणारा पिचर दर पाच-सहा दिवसांनी मैदानात उतरतो. यादीत टाकण्याची तारीख तीन दिवसांपर्यंत मागे नेता येते, म्हणून त्याला १० दिवसांसाठी यादीत टाकले तरी त्याची फार तर एखादी पाळी हुकत असे आणि मधल्या काळात ताज्या दमाचा दुसरा पिचर आणता येत असे. लॉस एंजेलिस डॉजर्सवर त्या वर्षी याबद्दल बरीच टीका झाली, जरी ही युक्ती वापरणारा तो एकटाच संघ नव्हता. पिचरचा खांदा किंवा पाठ थोडीफार दुखतच असते, त्यामुळे डॉक्टरचे निदान मिळणे अवघड नसे, आणि दुखणे खरे की सोयीचे हे बाहेरून ठरवणे जवळपास अशक्य असे. शेवटी मे २०२२ पासून पिचरसाठी आणि दोन्ही भूमिका बजावणाऱ्या खेळाडूंसाठी मुदत पुन्हा १५ दिवस झाली. डोक्याला मार बसलेल्यांसाठी २०११ पासून ७ दिवसांची वेगळी यादी आहे आणि तिचा या वादाशी संबंध नाही.

आता ६० दिवस कोठून मोजायचे हा प्रश्न येतो, कारण बातमी वाचताना चूक होते ती मुख्यतः येथे. खेळाडू लहान यादीत ज्या तारखेला गेला त्या तारखेपासून हे दिवस मोजतात. तो ६० दिवसांच्या यादीत कधी हलवला गेला याला मोजणीत काही अर्थ नाही. डीग्रॉम २९ एप्रिलला १५ दिवसांच्या यादीत गेला होता. तेथून ६० दिवस मोजले तर २८ जून येतो. म्हणजे ५ जूनला झालेल्या बदलाने त्याचे पुनरागमन फक्त २८ जूनपर्यंत लांबले असते, आणि कोपराची सूज उतरायला तेवढे दिवस कदाचित तसेही लागले असते. त्या एका नोंदीवरून त्याचा हंगाम संपला असा निष्कर्ष काढण्यास काहीही आधार नव्हता; तो संपवला दुसऱ्या दिवशी कळलेल्या निदानाने. याच हिशेबाने एप्रिलच्या आरंभी जखमी झालेल्या खेळाडूला जुलैमध्ये ६० दिवसांच्या यादीत टाकले, तर त्याचे ६० दिवस आधीच भरलेले असतात आणि तो मनात आले तर दुसऱ्या दिवशीही परत येऊ शकतो. अशा वेळी नावातला आकडा निव्वळ नावापुरता उरतो.

याउलट घडलेले उदाहरणही पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस एंजल्सचा माइक ट्राउट १७ मे २०२१ रोजी धावताना पोटरीचा स्नायू ताणला जाऊन जखमी झाला. त्याला सहा ते आठ आठवडे लागतील असा अंदाज होता, आणि तो १० दिवसांच्या यादीत गेला. पुढे त्याला ६० दिवसांच्या यादीत हलवले. पोटरी अपेक्षेप्रमाणे बरी झालीच नाही आणि ३६ सामन्यांवर त्याचे वर्ष संपले. ‘१० दिवस’ वाचून ज्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला होता त्यांना त्या आकड्याने फसवले, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी त्या आकड्याकडून नको ती अपेक्षा केली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

न्यूयॉर्क यांकीजच्या गेरिट कोलचे २०२४ मधले प्रकरण आणखी बोलके आहे. त्या वसंतातल्या सराव शिबिरात त्याचे कोपर दुखू लागले. तपासण्यांत लिगामेंट तुटल्याचे आढळले नाही, दाह आढळला, आणि शस्त्रक्रिया टाळून विश्रांतीचा निर्णय झाला. तरीही तो हंगामाच्या प्रारंभीच ६० दिवसांच्या यादीत गेला, कारण मेअखेरीपूर्वी तो परतणार नाही हे स्पष्ट होते आणि संघाला जागा हवी होती. तो १९ जूनला परतला. कोलची ६० दिवसांच्या यादीतली सोबत पाहिली, तर त्यात काही जण नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि काही जण नुसत्या विश्रांतीवर असलेले दिसतात.

मग संघ प्रत्येक दीर्घ दुखापतीत लगेच ६० दिवसांची यादी का वापरत नाहीत? कारण त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते. ६० दिवसांच्या यादीतून खेळाडू परत आणायचा तर २६ मध्ये एक आणि ४० मध्ये एक अशा दोन जागा कराव्या लागतात, म्हणजे कोणाला तरी चाळिसातून काढावे लागते. त्याखेरीज खेळाडू अपेक्षेआधी बरा झाला तरी मुदत भरेपर्यंत त्याला खेळवता येत नाही. साधारण १८६ दिवसांच्या हंगामात ६० दिवस म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश काळ. त्यामुळे हुशार व्यवस्थापक ४० मधली जागा जोवर खरोखर लागत नाही तोवर जखमी खेळाडूला लहान यादीतच ठेवतात आणि आपला पर्याय खुला राखतात.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते, आणि माझ्या मते या विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रस्थापित खेळाडूला दोन्ही याद्यांत सारखाच पगार मिळत असल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. परंतु जो तरुण ४० जणांत आहे, पण मायनर लीगमध्ये पाठवलेला असताना जखमी झाला, त्याचा प्रश्न वेगळा असतो. तो मायनर लीगच्या यादीत राहिला तर त्याला तेथलाच पगार मिळतो आणि मेजर लीगची सेवा मोजली जात नाही. संघाने जागा मोकळी करण्यासाठी त्याला मेजर लीगच्या ६० दिवसांच्या यादीत टाकले, तर त्याच दिवसापासून त्याला मेजर लीगचा पगार लागू होतो, ज्याची किमान पातळी २०२५ मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर होती, आणि त्याचे दिवसही मोजले जाऊ लागतात. १७२ दिवसांना एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षे भरली की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होतो. ज्या कोपराने त्याचे वर्ष वाया घालवले तेच त्याला त्या मोकळीकीच्या काही महिने जवळ नेऊन ठेवते. संघ हे ओळखून असतात, म्हणून असा खेळाडू यादीत टाकण्याआधी ते दहा वेळा विचार करतात. मेजर लीगमध्ये असताना जखमी झालेल्या खेळाडूला मायनर लीगमध्ये ढकलून हा खर्च वाचवण्याची मुभा मात्र नियमांत नाही.

परतीच्या वाटेवर दोन्ही याद्यांचे नियम पुन्हा एक होतात. बरा होत आलेला खेळाडू यादीत राहूनच मायनर लीगमध्ये सरावाचे सामने खेळतो. फलंदाजाला त्यासाठी जास्तीत जास्त २० आणि पिचरला ३० दिवस मिळतात, आणि कोपराच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या पिचरला मुदतवाढ मिळू शकते. हे सामने सुरू झाल्याची बातमी आली की परतीचा अंदाज बांधायला हरकत नाही. त्यापूर्वीचे बहुतेक अंदाज वाऱ्यावरचे असतात. याद्यांवरून प्रकृती ओळखू पाहणाऱ्यांनी शोहेई ओतानीचेही स्मरण ठेवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झालेला हा खेळाडू २०२४ च्या संपूर्ण हंगामात एकही चेंडू टाकू शकला नाही, पण फलंदाजी करत राहिल्यामुळे तो कोणत्याही जायबंदी यादीत गेला नाही, आणि त्याच वर्षी त्याने ५४ होमरन मारले.

हिवाळा आला की ६० दिवसांची यादी अस्तित्वातच राहत नाही. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपल्यानंतर पाच दिवसांत त्या यादीतल्या प्रत्येकाला पुन्हा ४० मध्ये सामावून घ्यावे लागते, मग त्याचा हात गळ्यात बांधलेला का असेना. फेब्रुवारीत सराव शिबिरे उघडेपर्यंत ती सोय पुन्हा मिळत नाही. डीग्रॉमसारख्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही: रेंजर्सने २०२३ च्या हिवाळ्यात त्याची जागा राखली, पुढच्या हंगामात तो पुन्हा ६० दिवसांच्या यादीत गेला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी मैदानात उतरला. पण ज्याचे नाव कोणाला फारसे माहीत नाही अशा तिसाव्या-पस्तिसाव्या क्रमांकाच्या पिचरला नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात बहुधा मोकळे केले जाते, आणि अनेकदा तोच संघ काही दिवसांनी त्याला मायनर लीगच्या करारावर परत घेतो, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे उपचार आधीच्याच डॉक्टरांकडे चालू राहतात आणि चाळिसातली त्याची जागा दुसऱ्याला मिळते.