फुटिंगची खोदाई व तयारी

कॉलमवरून उतरणारे वजन जमिनीवर पसरवण्यासाठी त्याच्या बुडाशी घातलेले रुंद काँक्रीट म्हणजे फुटिंग. साइटवर त्यासाठी खणलेल्या खड्ड्यालाही सर्रास फुटिंगच म्हणतात.

फुटिंग किती मोठे घ्यायचे, हे खालच्या जमिनीच्या भारवहन क्षमतेवर ठरते. कॉलमवर ४० टन भार असेल आणि जमीन दर चौरस मीटरला २० टन पेलत असेल, तर फुटिंगच्या स्वतःच्या वजनासह साधारण २.२ चौ. मी., म्हणजे दीड बाय दीड मीटर जागा लागते. क्षमता निम्मी असली की तेच फुटिंग २.१ मीटरचे होते. शेजारच्या प्लॉटवर जे केले तेच इथे, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा. भारतीय मानकानुसार पाया जमिनीखाली किमान ५० सेंमी हवा. मात्र दख्खनच्या पठारावर खोली ठरवते ती काळी माती.

ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर टेकलेले घर दरवर्षी थोडे वरखाली होते; आधी दारे अडकू लागतात, मग भिंतींना तिरक्या चिरा पडतात. त्यामुळे ती पार करून खालच्या घट्ट मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत खणतात. थर फारच जाड असेल तर बुडाशी फुगीर केलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी पाया आणि काळी माती यांच्यामध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याची पद्धत विकसित केली. कोकणात जांभा लवकर लागतो, पण त्याच्या कठीण कवचाखाली मऊ माती निघू शकते, म्हणून तिथेही नुसत्या पहारीच्या आवाजावर भरवसा ठेवू नये.

खोदाईआधी आखणी होते. खड्ड्यांच्या बाहेर बुर्ज्या (विटांचे छोटे खांब) बांधून त्यांवर कॉलमच्या मध्यरेषा खुणावतात, दोऱ्या ताणतात आणि जमिनीवर फक्की (चुन्याची पांढरी पूड) टाकतात. गुण्याची (काटकोनाची) खात्री ३, ४ आणि ५ फुटांच्या त्रिकोणाने करतात; शिवाय दोन्ही कर्ण मोजून पाहतात. खोदाईचा दर ब्रासवर ठरतो: १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, अर्थात ५ बाय ५ फूट आणि ४ फूट खोल असा एक खड्डा. निघालेली माती काठावरच रचली तर ती पहिल्या सरीत परत आत येते.

सगळ्यात कमी लक्ष जाते ते खड्ड्याच्या तळाकडे, आणि खरे काम तिथेच असते. शेवटचे १५ सेंमी पीसीसीच्या (तळावर घालायच्या सळईविना साध्या काँक्रीटच्या) आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी खणावेत, कारण उघडा मुरूम पावसाने लगेच मऊ पडतो. पाणी साचले तर पंपाने उपसून वरचा चिखल खरवडून काढावा. चिखलावर कोरडे सिमेंट भुरभुरणे हा उपाय नव्हे. चुकून जास्त खोल गेले तर सैल मातीने न भरता साध्या काँक्रीटने पातळी आणावी. तळ सपाट करून, पाणी मारून धुम्मस करतात, म्हणजे ठोकून घट्ट बसवतात. काही फुटिंग खडकावर आणि काही मातीवर आली तर इमारत असमान बसते, म्हणून प्रत्येक खड्डा अभियंत्याने स्वतः उतरून पाहायला हवा.

मग ७५ ते १०० मिमी जाडीचा पीसीसीचा थर येतो. तो भार पेलण्यासाठी नसतो. सळईची जाळी मातीला लागू नये आणि मापे घ्यायला स्वच्छ जागा मिळावी, एवढ्यासाठीच. बुर्ज्यांवरची दोरी पुन्हा ताणून, ओळंबा सोडून कॉलमचा मध्य त्यावर मारतात. जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) ठेवतात; आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगला किमान ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचे आवरण, लागते. खडीचे तुकडे सरकवून ही गरज भागवली जाते, पण काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागताच ते निसटतात आणि जाळी पीसीसीवर बसते. कॉलमच्या सळया रिंगा बांधून, चारही बाजूंनी टेकू देऊन जाग्यावर धरल्या की खड्डा काँक्रीटसाठी तयार झाला.