स्वयंपाकघरात रंगीत कोबा करायचाय? रंग ठरवण्याआधी हे वाचा

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी रंगांचं कार्ड मागतात. कार्ड मिळेल, पण त्याच्या भरवशावर रंग ठरवू नका. आम्ही कोबा अ‍ॅसिड स्टेनने रंगवतो, आणि तो म्हणजे वर बसणारा ऑइलपेंट नव्हे. त्यातले लोह, तांबं, मँगनीजचे क्षार काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याला धरतात आणि तिथेच मुरतात. म्हणून छटा तपकिरी, पिंगट, हिरवट-निळसर एवढ्याच, आणि त्याही एकाच खोलीत कुठे गडद तर कुठे फिक्या. सगळीकडे एकसारखा रंग हवा असेल तर पाण्यातला स्टेन घ्या, नाहीतर सरळ टाइल बसवा.

खरं काम कोब्यातच आहे. दुकानात सहज मिळतं ते पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट. ती राख मोकळा चुना खाते, त्यामुळे स्टेन फिका चढतो. अ‍ॅसिड स्टेनसाठी राख न मिसळलेलं साधं सिमेंट, म्हणजे ओपीसी 43 ग्रेड मागा, आणि सगळी पोती एकाच कंपनीची, एकाच वेळी घ्या. 10 बाय 10 फुटांची खोली, 40 मिमी जाडी, 1:1.5:3 माल (सिमेंट, वाळू, खडी) धरला तर साधारण 3 पोती लागतात. खडी 12 मिमीच्या आतली. पाणी पोत्याला 25 लिटरच्या वर नको, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. पातळ माल ओढायला सोपा म्हणून गवंडी पाणी वाढवतो; मग ते पाणी वर येतं, वरचा थर कच्चा राहतो आणि जाळीसारखे बारीक तडे पडतात. घोटताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका. तो पापुद्रा सुटला की रंगही त्याच्याबरोबर जातो.

काचपट्ट्या टाकून 4 बाय 4 फुटांचे चौकोन करा. पाणी किमान 10 दिवस, आणि तेही आळी करून, म्हणजे कडेने छोटे बांध घालून भरायचं. ओलं गोणपाट किंवा चुरगळलेलं प्लॅस्टिक पसरलं तर त्याचे ठसे स्टेनखाली उमटतात. स्टेन 28 दिवसांनंतरच.

वरच्या मजल्यावर जुन्या स्लॅबवर हा कोबा करायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. आधी सांगितलेल्या 10 बाय 10 च्या खोलीतच जवळजवळ 900 किलो वजन वाढतं.

जुना कोबा रंगवायचा असल्यास त्यावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मुरले तर स्टेन मुरेल. नुसते बसून राहिले तर वर तेल, मेण किंवा जुनं सीलर (जमिनीवरचा पारदर्शक संरक्षक थर) आहे. टाइल काढलेल्या जागी चौकटींच्या रेषा आणि सिमेंटचे पॅच दिसतच राहतात. स्टेन काहीही झाकत नाही.

ओल तपासल्याशिवाय आम्ही तळमजल्याचं काम घेत नाही. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी शिरलेली घरं असोत किंवा काळ्या मातीतलं नवं बांधकाम, वरून कोरडी दिसणारी जमीन खालून ओल ओढत असते. दीड बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवा. आत दव दिसलं किंवा कोबा काळवंडला तर थांबा, नाहीतर सीलर पांढरं पडून सुटेल. आणि जोत्यात काळ्या मातीची भर असेल तर ती काढून मुरूम धुमसून घ्या. काळी माती फुगली की वर काहीही असो, ते उचललं जातं.

स्टेनच्या कामाला पूर्ण प्लॅस्टिकचा स्प्रे पंप आणि नायलॉनचा ब्रश लागतो. आम्लाच्या वाफेने स्टीलला गंज धरतो, म्हणून ट्रॉल्या, नळ, शेगडी हे सगळं स्टेननंतर बसवा. 4 ते 5 तासांनी 10 लिटर पाण्यात अर्धा किलो खायचा सोडा घालून जमीन धुतात. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवायची. पांढरं फडकं फिरवून ते स्वच्छ निघेपर्यंत धुणं चालू ठेवायचं. इथे घाई झाली तर मागे राहिलेल्या भुकटीवर सीलर धरत नाही. सीलर सुटल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं.

सीलरमध्ये पैसे वाचवू नका. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण गरम कढई ठेवली की मऊ होतं. एपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. स्वयंपाकघराला दोन भागांचं मॅट पॉलियुरेथेन, पातळ दोन हात. दुसऱ्या हातात घसरण कमी करणारी बारीक पावडर मिसळा. चकचकीत जमिनीवर तेलाचा थेंब पडला तर पाय घसरलाच म्हणून समजा.

चिंच, लिंबू, कोकम सांडलं तर लगेच पुसा. हळदीच्या डागावर सोडा किंवा कपड्याचा साबण लावला तर तो लाल होतो. घाबरू नका, भांड्यांच्या सौम्य लिक्विडने पुसा, उरलेली पिवळी झाक उजेडाने फिकी होत जाते. संडास धुवायचं अ‍ॅसिड या जमिनीवर कधीही नको. सिलिंडर ओढत नेला तर कडेचा चरा उमटतो, म्हणून तो ट्रॉलीवर ठेवा. खलबत्त्याखाली जाड गोणपाट घ्या.

सगळ्यात आधी झिजते ती सिंकपुढची आणि ओट्यापुढची जागा. तिथे पाण्याचा थेंब पडून काळपट डाग उठायला लागला की तेवढ्याच चौकोनांना, काचपट्टीपर्यंत, हलका पॉलिश पेपर मारून सीलरचा एक हात द्यायचा. पूर्ण खोली रिकामी करायची गरज नाही.