लेक्तिओ दिविना (ख्रिस्ती शास्त्रमनन)

लेक्तिओ दिविना ही बायबल प्रार्थनेच्या अंगाने वाचायची जुनी ख्रिस्ती पद्धत. नाव लॅटिन असलं तरी काम साधंच आहे, चार-पाच वचनांचा उतारा घ्यायचा, हळू वाचायचा, परत वाचायचा, एखादा शब्द मनात अडकला की तिथेच थांबायचं आणि त्यावरून देवाशी बोलायचं. वर्षभरात अख्खं बायबल संपवायचे जे प्लॅन असतात त्याच्या बरोबर उलट हे आहे, किती वाचून झालं याला इथे काही किंमत नाही. ख्रिस्ती जीवनात खोली कशी यावी यावर बरंच बोललं जातं, पण रोज बसून करता येईल असं काहीतरी हातात देणाऱ्या ज्या थोड्या पद्धती आहेत त्यात ही वरच्या नंबरला धरायला हरकत नाही.

मुळं मठांमध्ये आहेत. 6व्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या 48व्या प्रकरणात दिवसाचे तास वाटून दिलेत, इतका वेळ अंगमेहनत, इतका वेळ पवित्र वाचन. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं आणि ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. आणि गंमत म्हणजे वाचनाच्या वेळात एक-दोन ज्येष्ठ मंडळींनी मठात फेरी मारून कोण टंगळमंगळ करतंय, कोण गप्पा छाटतंय ते बघायचं, असंही त्यात लिहिलंय! म्हणजे मन न लागणं हा काही मोबाइलमुळे आलेला रोग नाही. बेनेडिक्टच्याही आधी मठजीवनावर लिहिणाऱ्या जॉन कॅसियन या साधूने अशा कंटाळलेल्या साधूचं वर्णन करून ठेवलंय, तो सारखा खोलीबाहेर येतो, कोणी भेटायला येतंय का बघतो, सूर्य अजून कसा मावळत नाही म्हणून वैतागतो.

आज जे चार टप्पे शिकवतात ते 12व्या शतकातल्या गिगो (दुसरा) याने नीट मांडले. हा फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरातल्या ग्रांद शार्त्रझ या कार्थुसियन पंथाच्या मठाचा प्रमुख, आणि हे सगळं त्याने एका पत्रात लिहिलंय. वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी चिंतन म्हणजे देवासमोर नुसतं शांत बसणं, अशी ती शिडी. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेने चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच.

उदाहरणाला त्याने मत्तय 5:8 घेतलंय, ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील.’ मग तो एकेका शब्दावर रेंगाळतो. इथे शरीराने शुद्ध असं म्हटलेलं नाही, अंतःकरणाचे म्हटलंय, म्हणजे हात स्वच्छ असून भागत नाही, मनातले विचारही आले. मग त्याला स्तोत्रांतली शुद्ध हृदयाची मागणी आठवते, आणि वाचणाऱ्याला कळतं की हे आपल्याच्याने होण्यातलं नाही, मागावंच लागणार, तिथे मननाची प्रार्थना होते. सगळी पद्धत या एका उदाहरणात आली. चौथा टप्पा मात्र आपल्या हातात नसतो, तो देवाने द्यायचा, त्यामुळे रोज काहीतरी ‘फील’ झालंच पाहिजे असं धरून बसलेला माणूस महिन्याभरात सोडून देतो.

पुढे बराच काळ हे मठांपुरतंच राहिलं. 1965मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, सगळ्याच भाविकांना शास्त्र प्रार्थनापूर्वक वाचायला सांगितलं, 1980च्या दशकात कार्डिनल कार्लो मारिया मार्तिनी मिलानच्या कॅथीड्रलमध्ये तरुणांना हे शिकवायचे आणि गर्दी व्हायची. 2010मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी यात कृतीचीही भर घातली, वाचलेलं वागण्यात उतरलं नाही तर पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळींमध्ये ‘क्वाएट टाइम’ किंवा वैयक्तिक मनन म्हणतात ते याच्या जवळचंच.

मराठीतून करायचं तर भाषांतर कुठलं घ्यायचं हा खरा प्रश्न. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्या निधनानंतर 1924मध्ये आलं, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ अलीकडचं. जे मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही ते घ्यावं, कारण जुन्या काळी हे पुटपुटतच वाचायचे.

आक्षेपही आहेत, आणि ते फालतू नाहीत. एक वचन संदर्भातून उचललं की त्यातून काहीही काढता येतं. यिर्मया 29:11 घ्या, देवाचे संकल्प हिताचे आहेत, भविष्याची आशा आहे वगैरे, लोक नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी स्टेटसला ठेवतात. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं पुरी झाल्यावर सोडवीन असं म्हटलंय. म्हणून मननाला बसण्याआधी तो अख्खा अध्याय एकदा तरी वाचून घ्यावा.