लिंगताठरता आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

‘मर्दानी कमजोरी’, ‘गुप्तरोग’, ‘खात्रीशीर इलाज’ अशी मोठाली अक्षरे रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेली असतात. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 साली केलेल्या कायद्याने अशा मजकुराला मनाई आहे, तरीही तो भिंतींवरून आता मोबाइलवर आला आहे. त्यातून एक समजूत सुशिक्षित पुरुषांच्याही मनात घट्ट बसली आहे, ती अशी की लिंगाला ताठरता न येणे म्हणजे पुरुषत्व संपणे, आणि त्याचे मूळ तारुण्यातील हस्तमैथुनात असते. वीर्य हा प्रामुख्याने प्रोस्टेट आणि वीर्यकोश यांचा स्राव असून तो पुन्हापुन्हा तयार होत राहतो. हस्तमैथुनाने ताठरता नाहीशी होते, या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही.

तरीही पुरुष गप्प राहतो. रक्तदाब आणि साखर यांविषयी सर्व बोलून झाल्यावर, बाहेर पडताना दाराशी थबकून, “डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं,” असे म्हणणारा पन्नाशीचा रुग्ण बहुतेक डॉक्टरांच्या ओळखीचा असतो. घरी तो उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून राहतो, कामाचा शीण पुढे करतो. आपल्यावरचे त्याचे मन उडाले, असे पत्नीला वाटू लागते.

या अवस्थेत ‘ताकद’ कमी झाली असे तो समजतो. शरीरातील यंत्रणा मात्र याच्या अगदी उलट चालते. लिंगात स्पंजासारख्या ऊतींचे दोन दंडगोल असतात आणि त्यांच्या पोकळ्यांभोवती अनैच्छिक स्नायूंचे जाळे असते. लिंग शिथिल असते तेव्हा हे स्नायू आकुंचन पावलेले असतात. ते सैल पडले, तरच पोकळ्यांत रक्त भरून ताठरता येते. म्हणजे ताठरता या स्नायूंच्या बळावर येत नाहीच, आणि म्हणून ‘नसांना ताकद’ देणारी तेले चोळण्याला काही अर्थ उरत नाही.

हे स्नायू सैल करणारा रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन अणू मिळून झालेला वायू. कामोत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून तो थोडा सुटतो, त्यामुळे धमन्या रुंदावतात, आणि वेगाने वाहू लागलेल्या रक्ताचे घर्षण धमन्यांच्या आतल्या अस्तराला जाणवते. एकाच पेशीच्या जाडीचे हे अस्तर मग अर्जिनिन या अमिनो आम्लापासून आणखी नायट्रिक ऑक्साइड बनवू लागते. ते स्नायुपेशीत शिरून ग्वानिलेट सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) जागे करते, त्यातून चक्रीय जीएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, पेशीतील मोकळे कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. फुगलेल्या ऊतींच्या दाबाने बाहेरच्या चिवट आवरणाखालील शिरा चेपल्या जातात व रक्त आतच अडकून राहते. काम संपल्यावर पीडीई-5 हे विकर चक्रीय जीएमपीचे विघटन करते. सिल्डेनाफिल, म्हणजे ‘व्हायग्रा’ या नावाने ओळखले जाणारे औषध, याच विकराला अडवते; ते चक्रीय जीएमपी बनवत नाही, फक्त टिकवते. म्हणून उत्तेजनेवाचून नुसती गोळी घेऊन ताठरता येत नाही. हे औषध हृदयशूळासाठी तपासले जात होते, आणि 1998 साली अमेरिकेत ते ताठरतेसाठी मंजूर झाले. त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा मारा याच अस्तरावर होतो, आणि हे अस्तर साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांना असते. लिंगाच्या धमन्यांचा व्यास सुमारे 1 ते 2 मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा 3 ते 4 मिलिमीटर असतो. त्यामुळे बिघाड आधी लहान वाहिन्यांत जाणवतो. अनेक रुग्णांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली आढळते. लाजेपायी ती लपवणे म्हणजे हृदयाला सावरण्याची संधी घालवणे, आणि मला याचीच सर्वांत अधिक काळजी वाटते.

मनाचा वाटाही खरा आहे. एकदा अपयश आले की पुढच्या वेळी धास्ती वाटते, धास्तीने ॲड्रेनलिन वाढते आणि ते हेच स्नायू आवळून धरते. निरोगी पुरुषात स्वप्ननिद्रेच्या काळात रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते; पहाटे ती नेहमीसारखी येत असेल आणि संबंधाच्या वेळीच जात असेल, तर कारण बहुधा मानसिक असते. हळूहळू सर्वच वेळी ती उणावत गेली, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यावे.

‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत चोरून मिसळलेले सिल्डेनाफिल प्रयोगशाळांना सापडले आहे. हृदयशूळावर दिली जाणारी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटे नायट्रिक ऑक्साइड पुरवून चक्रीय जीएमपी वाढवतात आणि सिल्डेनाफिल ते नष्ट होऊ देत नाही. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जीवघेणा खाली जातो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच प्रकारच्या टाडालाफिल या औषधानंतर 48 तास नायट्रेटे दिली जात नाहीत, आणि छातीत दुखू लागून रुग्णालयात पोचलेल्या पुरुषाने अशी कोणतीही गोळी केव्हा घेतली हे डॉक्टरांना आधी सांगावे.