पडद्यावरचे दुकान: खरेदी वाहिन्यांच्या चढउताराची पार्श्वभूमी

चोवीस तास केवळ वस्तू विकणारी वाहिनी भारतात २००८ साली आली, काही वर्षे झपाट्याने वाढली आणि दहा वर्षे पुरी होण्याआधीच तिचा जोर ओसरू लागला. मोबाइलवरून खरेदी सुरू झाली आणि या वाहिन्या मागे पडल्या, असे साधारणपणे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मोठी दुकानसंकुले ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, पण ज्यांच्या घरी केबल किंवा डिश पोहोचली होती, असे सातारा, कराड, सांगली, मिरज यांसारख्या गावांतील ग्राहक हा या व्यवसायाचा मोठा आधार होता. नेमक्या याच ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा खर्च वाहिन्यांना पेलला नाही, आणि त्याचा विश्वासही त्यांना टिकवता आला नाही. मोबाइल हे नंतरचे कारण आहे.

वस्तू हाताळून न पाहता मागवण्याची सवय आपल्याकडे दूरचित्रवाणीने लावलेली नाही. मासिकांतील जाहिरात पाहून पोस्टकार्ड टाकायचे आणि पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे मोजून ते सोडवून घ्यायचे, ही व्ही.पी.ची पद्धत आपल्या मागच्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. व्ही.पी.त पैसे आधी आणि पार्सल उघडणे नंतर. त्यामुळे फसवणुकीचा धोकाही तेव्हापासूनचाच. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. टपालाच्या वर्गवारीसाठी केलेली ही सहा आकड्यांची योजना तीन-चार दशकांनंतर खासगी कुरिअर कंपन्यांच्या कामी आली. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, कराडचा ४१५११०, वाईचा ४१२८०३ आणि सांगलीचा ४१६४१६. सांगली जिल्ह्यातले विटा मात्र साताऱ्याप्रमाणे ४१५ या आकड्यांखाली येते. टपालाच्या वाटा जिल्ह्यांच्या हद्दी पाहून आखलेल्या नव्हत्या. वाहिनीवरून मागवलेली वस्तू घरी येणार की ‘तुमच्या पिनकोडवर सेवा नाही’ असे उत्तर मिळणार, हे याच आकड्यांवर ठरू लागले.

पडद्यावरून विक्रीची मूळ कल्पना अमेरिकेतली. फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथील एका रेडिओ केंद्राच्या जाहिरातदाराला १९७७ साली जाहिरातीचे पैसे रोख देता आले नाहीत. त्याने त्याबदल्यात डबे उघडण्याची ११२ यंत्रे दिली. केंद्राचे लोवेल पॅक्सन यांनी ती निवेदकाकडून कार्यक्रमातच विकायला लावली आणि ती हातोहात खपली. त्या अनुभवावरून पॅक्सन आणि रॉय स्पीअर यांनी १९८२ साली स्थानिक केबलवर खरेदीची वाहिनी काढली. १९८५ मध्ये ती ‘होम शॉपिंग नेटवर्क’ या नावाने देशभर दिसू लागली आणि १९८६ मध्ये ‘क्यूव्हीसी’ ही स्पर्धक वाहिनी उभी राहिली. दक्षिण कोरियात हा व्यवसाय १९९५ साली सुरू झाला आणि तिथे तो फार वाढला. दाट वस्तीची शहरे, एकाच इमारतीत शेकडो घरे आणि कार्डाने पैसे देण्याची सर्रास सवय या तीन गोष्टी तिथे जुळून आल्या होत्या. भारतातल्या वाहिन्यांत पुढे कोरियन कंपन्यांनी भांडवल घातले. म्हणून ही तुलना महत्त्वाची ठरते, कारण सातारा-सांगलीच्या ग्राहकाबाबत या तीनपैकी एकही गोष्ट खरी नव्हती.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाल्यावर खासगी वाहिन्यांचे दिवस आले. वाहिन्यांजवळ प्रक्षेपणाचे तास भरपूर होते आणि रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या वेळेला जाहिरातदार मिळत नसे. ही स्वस्त वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने विकत घेऊन तिथे वस्तूंची प्रात्यक्षिके दाखवायची, ही पद्धत नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ‘एशियन स्काय शॉप’, ‘टेलिब्रँड्स’ आदी कंपन्यांनी रूढ केली. परदेशी चित्रफितींवर हिंदी आवाज चढवलेला असे. पोट कमी करणारे पट्टे, व्यायामाची घडीची यंत्रे, भाज्या चिरण्याची साधने, न चिकटणारी भांडी असा तो माल होता. यातल्या पुष्कळ वस्तू आपल्या स्वयंपाकघराचा विचार करून बनवलेल्याच नव्हत्या. पुढे मोठा गाजावाजा झालेले रोटी मेकर याचे चांगले उदाहरण आहे. गव्हाच्या छोट्या फुलक्यासाठी ते ठीक. पण ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी थापली जाते, तिथे त्या तापलेल्या दोन तव्यांचा उपयोग काय? गरम पाण्यात मळलेले ज्वारीचे पीठ दाबाखाली कडेने चिरते, हे कोणत्याही प्रात्यक्षिकात दाखवले जात नव्हते. अशी यंत्रे कितीतरी घरांच्या माळ्यावर गेली आणि पुढच्या खरेदीबद्दल मनात शंका ठेवून गेली.

नेटवर्क १८ समूहाने ९ एप्रिल २००८ रोजी ‘होमशॉप१८’ सुरू केली, तेव्हा या विक्रीला पहिल्यांदा स्वतःचे घर मिळाले. रात्रीचा उसना अर्धा तास न घेता दिवसभर विक्री करायची, हाच तिचा विशेष होता. कोरियाची ‘जीएस होम शॉपिंग’ तिच्यात भागीदार झाली. पाठोपाठ स्टार इंडिया आणि कोरियाच्या ‘सीजे’ कंपनीने मिळून ‘स्टार सीजे’ काढली. २००८ मध्येच किमतींची तुलना करणारे संकेतस्थळ म्हणून निघालेले ‘नापतोल’ नंतर दूरचित्रवाणीवरील विक्रीकडे वळले. या टप्प्यात मालाचे स्वरूप बदलले. चमत्कारी यंत्रांच्या जागी दोन सिमचे मोबाइल, चादरींचे संच, साड्यांचे जोड, मिक्सर, इस्त्री अशा रोजच्या गरजेच्या वस्तू आल्या. हा बदल खरोखर चांगला होता. जिल्ह्याच्या गावी न मिळणारा रंग, न मिळणारे मॉडेल घरबसल्या मागवता येऊ लागले, शिवाय छापील किंमत पडद्यावर सगळ्यांना सारखीच दिसत होती. इंटरनेट न वापरणाऱ्या गृहिणीला केवळ फोन करून स्वतःच्या निवडीने खरेदी करता आली, हे या वाहिन्यांचे श्रेय नाकारता येणार नाही.

अडचण होती ती जमाखर्चात. मालिका दाखवणाऱ्या वाहिनीला जाहिरातदार आणि वर्गणीदार अशा दोन्ही बाजूंनी पैसा येतो. खरेदी वाहिनी मात्र प्रेक्षकाला फुकट द्यावी लागते आणि केबलवर जागा मिळवण्यासाठी उलट तिनेच वहनशुल्क भरायचे असते. जुन्या ॲनालॉग केबलवर वाहिन्यांसाठी जागा मोजकी होती आणि पहिल्या काही क्रमांकांत दिसायचे असेल तर हे शुल्क फार वाढत असे. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर हे मोक्याच्या जागेचे भाडे होते, आणि ते एका ठिकाणी नव्हे तर प्रत्येक मोठ्या केबल कंपनीला, प्रत्येक डिश कंपनीला वेगवेगळे द्यावे लागे. केबलचे डिजिटायझेशन झाले की जागा वाढेल आणि हा खर्च उतरेल, अशी आशा होती. पण महानगरांत ते २०१२ च्या अखेरीपासून लागू झाले, तर सातारा-सांगलीसारख्या शहरांसाठीची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ची आणि ग्रामीण भागासाठीची त्याहून पुढे, ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. म्हणजे ज्या भागात ग्राहक मिळण्याची सर्वाधिक शक्यता, तिथेच दिलासा सर्वांत उशिरा पोहोचला.

दुसरा खर्च दारात होत होता. फोनवर मागणी नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेकजण माल हातात पडल्यावर रोख पैसे देत. दुपारी कार्यक्रम पाहून उत्साहाने मागवलेली वस्तू आठ-दहा दिवसांनी दारात आली की घरात तेवढे पैसे असतीलच असे नाही. कधी घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती नसे, तर कधी तोपर्यंत मनच बदललेले असे. मग पार्सल परत. जाण्याचा खर्च वाहिनीचा, परत येण्याचाही तिचाच, आणि विक्रीची रक्कम शून्य. डोंगराच्या कुशीतल्या पाटणमध्ये किंवा जत, आटपाडीच्या विरळ वस्तीत पोहोचवलेले असे पार्सल परत आले की तोटा आणखी वाढे. सांगलीच्या मारुती रोडवर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात घेतलेली वस्तू बिघडली तर ग्राहक पिशवीत घालून त्याच दुकानात नेऊ शकतो. दुकानदार ओळखीचा असतो, बदलून देतो किंवा निदान दुरुस्तीचा माणूस सांगतो. वाहिनीवरून आलेल्या वस्तूसाठी उरे तो फक्त एक टेलिफोन क्रमांक. बाजारपेठेच्या गावात या फरकाचे वजन किती असते, ते मोठ्या शहरांत बसून आखणी करणाऱ्यांच्या पुरेसे लक्षात आले नाही, असे मला वाटते.

विश्वासाचा प्रश्न याहून गंभीर होता, आणि त्याचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. चोवीस तासांच्या वाहिन्या रोजच्या वस्तूंकडे वळल्या तरी इतर वाहिन्यांवरील विकत घेतलेल्या वेळेत नजर लागण्यापासून वाचवणारी कवचे, सिद्ध केलेले रुद्राक्ष आणि दैवी शक्तीची म्हणून निरनिराळी मंतरलेली यंत्रे विकली जातच होती. भरभराट, रोगमुक्ती, नोकरी अशी सगळी आश्वासने त्यांत असत. प्रेक्षकाच्या दृष्टीने मिक्सर विकणारा पडदा आणि यंत्र विकणारा पडदा एकच होता, त्यामुळे एकाची बदनामी दुसऱ्यालाही चिकटली. साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि अशा फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला.

या कायद्याचा पडद्यावरील विक्रीशी किती निकटचा संबंध आहे, हे जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट झाले. हनुमान चालिसा यंत्राच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींसंबंधीच्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निर्णय दिला, की अलौकिक शक्तीचा दावा करून वस्तू विकणारी जाहिरात या कायद्याने बेकायदेशीर ठरते आणि ती दाखवणारी वाहिनीही जबाबदारीतून सुटत नाही. अशा जाहिराती प्रक्षेपित होऊ नयेत यासाठी यंत्रणा उभी करण्याचे आदेशही न्यायालयाने दिले. ज्या कायद्यासाठी साताऱ्याच्या एका डॉक्टरने आयुष्य वेचले, त्याने घरोघरच्या पडद्यावरील विक्रीला अशी मर्यादा घातली, ही गोष्ट या दोन जिल्ह्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

व्यवसायाची उतरण दिसू लागली ती २०१४ पासून. त्या वर्षी मार्चमध्ये होमशॉप१८ ने अमेरिकेत समभागविक्रीसाठी अर्ज केला. साडेसात कोटी डॉलर उभारण्याचा विचार होता. ती विक्री झाली नाही. त्याच वर्षी नेटवर्क १८ समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला आणि स्टारने सीजेबरोबरची भागीदारी सोडली. ती वाहिनी मग ‘शॉप सीजे’ झाली. तरीही नवे उद्योजक येत होते. मार्च २०१५ मध्ये राज कुंद्रा आणि अभिनेता अक्षय कुमार यांनी ‘बेस्ट डील टीव्ही’ सुरू केली, तिथे चित्रपटसृष्टीतील परिचित चेहरे वस्तू विकत. दरम्यान २०१० पासून फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय दिली होती, आणि जून २०१३ मध्ये ॲमेझॉनही भारतात आले होते. वाहिनीचा जो खास गुण होता, तो आता तिच्याकडेच राहिला नव्हता.

मग २०१६ चे दोन महिने आले. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट गावोगावी परवडू लागले; ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. दारात रोख पैसे घेण्यावर उभा असलेला व्यवसाय एका रात्रीत अडला. सातारा-सांगलीत हा फटका अधिक खोल होता, कारण इथल्या ग्रामीण घरांचा पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावची विकास सोसायटी यांच्यामार्फत फिरतो, आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास वा बदलून देण्यास मनाई केली. उसाचा गळीत हंगाम नुकताच सुरू होत होता. बँकेतून आठवड्याला चोवीस हजारांची मर्यादा, एटीएमवर रांगा, आणि हातात येईल ती रोकड बी-बियाणे, मजुरी, किराणा यांना आधी. अशा वेळी चादरींचा संच घेऊन दारात आलेल्या कुरिअरवाल्याला परत पाठवणे भाग होते. डिसेंबरात कुंद्रा बेस्ट डीलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नोटाबंदी हे कारण सांगितले. ती वाहिनी पुढे बंद पडली. २०१७ मध्ये होमशॉप१८ ने शॉप सीजेला समभागांच्या अदलाबदलीने आपल्यात सामावून घेण्याचे ठरवले. एकेकाळचे दोन मोठे प्रतिस्पर्धी खर्च वाचवण्यासाठी एकत्र आले.

ग्राहकाच्या बाजूने कायदा बळकट झाला तो यानंतर. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये या प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथांबद्दल नापतोलला दहा लाख रुपयांचा दंड केला. कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि ‘फक्त आजच मिळेल’ असे भासवून कृत्रिम टंचाई निर्माण करू नये, असेही आदेशात बजावले. पडद्यावर उतरत जाणारा आकडा आणि निवेदकाची घाई यांवरच ही विक्री अनेक वर्षे चालत आली होती. म्हणून दंडाच्या रकमेपेक्षा हा आदेश मला अधिक मोलाचा वाटतो.

याच कायद्याने आणखी एक बदल केला. जुन्या, १९८६ च्या कायद्यात तक्रार कुठे करायची हे विक्रेत्याचे ठिकाण किंवा व्यवहार जिथे घडला ते ठिकाण यांवर ठरत असे, आणि फोनवरून झालेल्या खरेदीत त्यावरूनच वाद निघे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हा अधिकार वाहिनीवरून घेतलेल्या मिक्सरला जसा आहे, तसाच मोबाइलवरील थेट प्रक्षेपण पाहून मागवलेल्या साडीलाही आहे.