तेल मुरतं किती खोल?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आम्हा भावंडांना रात्री ओळीनं झोपवायची, तळपायाला तूप चोळायची आणि त्यावर काशाची वाटी घासायची. पाच-दहा मिनिटांत पाय काळेकुट्ट. ‘बघ, केवढी उष्णता होती अंगात!’ असं ती म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं. पुरावा डोळ्यांसमोरच असायचा.

कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, ढोबळमानानं चार भाग तांबं नि एक भाग कथील. वाटी घासली की धातूचे अतिशय बारीक कण सुटतात. धातू कितीही चकचकीत असला तरी त्याची सूक्ष्म पूड काळीच दिसते, शिवाय तुपातली आम्लं तांब्याला धरतात, त्याची भर पडते. तीच वाटी तूप लावलेल्या चामड्याच्या तुकड्यावर घासा, तोही काळवंडेल. चामड्याला काही उष्णता झालेली नसते. पण आजीपुढे हे बोलायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर झोप झकास लागायची.

अभ्यंगाच्या, म्हणजे औषधी तेलाच्या मालिशीच्या, कितीतरी दाव्यांचं असंच आहे. अनुभव खरा, सांगितलेलं कारण मात्र भलतंच.

दावे आहेतही भरपूर. आयुर्वेदाचा जुना आचार्य वाग्भट, त्यानं आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथात रोज अभ्यंग करावा असं सांगून फळांची यादीच दिली आहे: म्हातारपण, थकवा आणि वात यांना तो दूर ठेवतो, दृष्टी निर्मळ करतो, शरीर पुष्ट करतो, आयुष्य वाढवतो, चांगली झोप आणतो, त्वचा सुंदर नि अंग दणकट करतो. सुश्रुतसंहितेवर टीका लिहिणाऱ्या डल्हणानं तर तेलाच्या प्रवासाचं वेळापत्रकच मांडलं. तेल ३०० मात्रांत केसांच्या मुळाशी पोहोचतं, ४०० मात्रांत त्वचेत, ५०० मात्रांत रक्तात, पुढे मांस, मेद, अस्थी करत ९०० मात्रांत मज्जेत. मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. हिशेब केला तर चार-पाच मिनिटांत तेल हाडाच्या आत.

मला हे वेळापत्रक आवडतं, कारण त्यात तपासता येईल असं काहीतरी ठामपणे सांगितलंय. तपासलं की मात्र गाडी दुसऱ्या स्टेशनाच्या अलीकडेच अडकते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रॉन, वहीच्या कागदाच्या साधारण पाचव्या भागाइतकी. पण त्याची बांधणी भक्कम आहे. चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि मधे चुन्यासारखे भरलेले स्निग्ध पदार्थ. आम्स्टरडॅमच्या बॉस आणि माइनार्डी या त्वचातज्ज्ञांनी २००० साली एक ठोकताळा मांडला: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही. तिळाच्या तेलाचा रेणू ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांचा असतो आणि त्याचं वजन भरतं सुमारे ८८०. तेव्हा मोठ्या माणसाच्या निरोगी त्वचेत तेल वरच्या काही पदरांतच थांबतं. मज्जा तर दूरच, खालच्या जिवंत पेशींपर्यंतसुद्धा नावाला पोहोचतं.

मग वाटीभर तेल ‘जिरलं’ ते कुठे गेलं? बरंचसं त्वचेवरच्या बारीक रेघांच्या जाळ्यात पसरतं, थोडं मृत पेशींच्या फटीत बसतं, आणि उरलेलं कुठे जातं ते घरातल्या टॉवेल-चादरी धुणाऱ्याला विचारा.

तिथे बसलेलं तेलही निरुपयोगी नसतं. त्यामुळे आतलं पाणी उडून जाण्याचा वेग मंदावतो, कडक झालेल्या पेशी मऊ पडतात, खाज कमी होते. वाग्भटाच्या यादीतल्या त्वचेच्या कलमावर बिनधास्त खूण करावी.

भिंतच अजून बांधून झालेली नसेल तर मात्र चित्र पालटतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी कच्ची असते की तिच्यातून पाणी बाहेर जातं आणि जंतू आत येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली १२० नवजात बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना करडईच्या तेलानं, काहींना खोबरेलानं, दिवसातून चार वेळा ५-५ मिलिलिटर असं पाच दिवस मालिश केलं, आणि काहींना तेल लावलंच नाही. नंतर रक्तातली मेदाम्लं मोजली. करडईवाल्या बाळांत करडईतली मेदाम्लं वाढलेली दिसली, खोबरेलवाल्यांत खोबरेलातली. म्हणजे बाळाच्या त्वचेतून तेलाचा थोडा अंश खरोखर रक्तात जातो. डल्हणाचा ‘रक्त’ हा थांबा निदान या प्रवाशांपुरता खरा ठरला.

त्याच वर्षी ढाक्याच्या शिशु रुग्णालयातले निष्कर्ष आले. ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४९८ बाळांच्या या चाचणीत सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावलेल्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळले. इतक्या स्वस्त उपायाला इतकं यश म्हटल्यावर साहजिकच मोठी चाचणी झाली, उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत, सुमारे २६,००० बाळांवर. २०२१ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. एकूण मृत्युदरात फरक पडला नव्हता. पण दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. जिथे भिंत सर्वांत कच्ची, तिथेच तेलाचा लिंपण म्हणून उपयोग सर्वांत जास्त. हे अगदी तर्काला धरून आहे.

तेल कोणतं, यानंही फरक पडतो. उत्तर भारतात बाळाला मोहरीचं तेल लावायची पद्धत आहे, पण उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं त्वचेची भिंत सावरायला उलट उशीर लावला. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार, ते विटांमधला चुना विस्कटतं. लिनोलेइक आम्ल मात्र त्वचेला तिचा चुना बनवायलाच लागतं, आणि ते सूर्यफुलात, करडईत भरपूर असतं. तिळात दोन्ही जवळपास सारखी. तेव्हा ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे वाक्य मला नेहमी खटकतं. मोहरीही नैसर्गिकच आहे.

आपल्याकडे न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या बाईंचे हात सहसा फार सराईत असतात. पाय पसरून त्यावर बाळाला आडवं घेणं, पाण्याचा अंदाज कोपरानं घेणं, हे शिकवून येत नाही. पण टाळू तेलानं ‘भरत’ नाही. कवटीच्या हाडांमधली ती पुढची जागा साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप बंद होते, तेल घाला अथवा घालू नका. आणि बाळाच्या नाकात तेल सोडणं तेवढं पक्कं थांबवायला हवं. ते तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि साध्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही.

आता मोठ्यांकडे येऊ. तेल आत जात नसेल तर दुखरी पाठ हलकी कशानं होते?

उत्तराचा मोठा भाग हातात आहे. केस असलेल्या त्वचेत अतिशय मंद गतीनं संदेश नेणारे एक प्रकारचे मज्जातंतू असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली त्यांचे संकेत मोजले, तेव्हा सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगानं हात फिरवला की ते सर्वांत जास्त जागे होतात आणि लोकांनाही नेमका तोच स्पर्श सुखाचा वाटतो, असं दिसलं. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते, त्याचा वेग याच टप्प्यात पडतो. दुसरी वाट वेदनेची. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली सुचवलं की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. कोपर आपटलं की आपण तो न कळत चोळतो, ते उगाच नाही.

यात तेलाचं काम वंगणाचं. घर्षण कमी झालं की हात न ओढता, न चिमटता, त्या संथ वेगानं दहा-वीस मिनिटं फिरू शकतो. चरकानं अभ्यंगाला तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. घडा आणि आस सोडून देऊ, चामड्याची उपमा त्वचाशास्त्राच्या आजच्या पुस्तकातही शोभेल.

मालिशीनं ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे जिममधलं पालुपद मात्र विसरा. २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे नमुने तपासले. मालिश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते, लॅक्टिक ॲसिड दोन्हीकडे तेवढंच. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हे त्याचंच मोठं भावंड. कोणती द्रव्यं, असं विचारलं की संभाषण बहुधा संपतं.

कंबरदुखीवरच्या २५ चाचण्यांचा २०१५ सालचा कॉक्रेन आढावा, म्हणजे सगळ्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, सांगतो की मालिशीनं थोड्या काळापुरता आराम पडतो, पण पुरावा कच्चा आहे. जर्मनीत गुडघ्याच्या झिजेच्या १५१ रुग्णांवर १२ आठवडे आयुर्वेदिक उपचार करून पाहिले, त्यात मालिश होतं, आहार होता, योगासनंही होती. नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटाला जास्त बरं वाटलं. २०१८ सालच्या या निकालावर मी खूश होतो, पण हातचं राखून. मालिश होतंय की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, आणि इतका वेळ कुणी आपल्याकडे लक्ष दिलं तर गुडघाही थोडा विरघळतो.

मग तेलातल्या वनस्पतींचं काय? तैलपाकाचं जुनं प्रमाण असं: एक भाग कल्क, म्हणजे वाटलेली वनस्पती, चार भाग तेल, सोळा भाग काढा किंवा दूध. पाणी पूर्ण आटेपर्यंत हे मंद आचेवर शिजवायचं. झालं की नाही हे ओळखायची खूण मोठी सुरेख आहे. तळचा कल्क काढून बोटांनी वात वळायची आणि विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, मुकाट्यानं जळली तर तेल सिद्ध. थर्मामीटर नसताना केलेली ही पाण्याच्या अंशाची चाचणीच आहे, आणि ती महत्त्वाची, कारण पाणी राहिलं की तेल लवकर खवटतं. चौदा-पंधरा तास कढईसमोर बसणाऱ्या माणसाला ती नाकानं नि कानानं कळते.

अशा तेलात उतरलेल्या लहान रेणूंना ५०० डाल्टनची अट आडवी येत नाही. कापूर १५२ डाल्टनचा, गंधपुऱ्याच्या तेलातलं मुख्य द्रव्यही १५२ चंच आणि ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. ती त्वचेत शिरतात, गार-गरम कळणाऱ्या तंतूंना चेतवतात आणि दुखणं झाकतात. शिरतात म्हणूनच जपायचं: कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बला किंवा अश्वगंधा यांचा किती अंश त्वचेपार जातो, यावर मात्र बाटलीवरच्या मजकुराइतका भरवसा मी ठेवणार नाही.

केसांचं थोडक्यात. खोबरेल केसाच्या दांड्यात खरंच शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, हे खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच मुंबईतल्या प्रयोगशाळेनं २००३ साली दाखवलं. केस त्यानं वाढत नाहीत. कोंडा असेल तर तेल उलट वाईट, कोंड्यातल्या बुरशीची ती मेजवानी होते.

तीन जागांवर तेल विशेष करून लावावं, असं वाग्भट सांगतो: डोकं, कान आणि पाय. कानात घालू नये, असं आजचे डॉक्टर सांगतील. वाग्भटानंही अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलाय. पायाच्या पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखत असेल तर त्या यादीत आज आणखी एक भर घालायला हवी, कारण आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती चोळून सुटायला नको.

पण पायांबद्दल वाग्भट बरोबर आहे. अंगभर असणाऱ्या तेलग्रंथी तळपायाला मुळीच नसतात, त्यामुळे तिथली जाड कातडी आपलं आपण वंगण करू शकत नाही आणि भेगाळते. तिला तूप बाहेरूनच हवं. आजी काशाची वाटी बाजूला ठेवली की ओल्या फडक्यानं आमचे पाय खसाखसा पुसायची, काळं जाईपर्यंत. उष्णतेचं काय झालं कोण जाणे, पण त्या गुळगुळीत शहाबादी फरशीवरून रात्री पाणी प्यायला उठलेलं कुणी घसरून पडलं नाही.